नर्सिंगला जाताय? शरीर आणि मन आधीच तपासून घ्या

नर्सिंगच्या माहितीपत्रकात एक ओळ ठरलेली असते: 'उमेदवार शारीरिक व मानसिकदृष्ट्या सक्षम असावा.' मग डॉक्टर छातीला स्टेथोस्कोप लावतात, उंची-वजन लिहितात, प्रमाणपत्रावर सही करतात आणि तो विषय तिथेच संपतो. वॉर्डात पहिला आठवडा गेला की कळतं, त्या कागदाने फारसं काही सांगितलंच नव्हतं.

एखादी गोष्ट एकदा जमली म्हणजे क्षमता आहे, असं वॉर्डात धरत नाहीत. तीच गोष्ट ड्युटीच्या सातव्या तासाला, पाय ठणकत असताना, शेजारच्या कॉटवरून कोणी हाका मारत असताना तितकीच नीट जमली पाहिजे. स्वतःला तपासायचं ते याच मापाने. यातलं बरंचसं सरावाने येतं. जे सरावाने येत नाही त्यासाठी साधनं आणि सवलती असतात, पण त्या वेळेत मागाव्या लागतात.

आधी कागद आणि लसी

जिथे प्रवेश घ्यायचा तिथून क्षमतांची लेखी यादी मागून घ्या. अनेक संस्थांकडे ती असते: किती वजन ढकलावं लागेल, किती वेळ उभं राहावं लागेल, किती अंतरावरून अलार्म ऐकू यायला हवा, वगैरे. यादी नसेल तर हा लेख समोर ठेवून प्रश्न विचारा. प्रत्येक मुद्द्यापुढे तीनपैकी एक खूण करा: आजच जमतं, सरावाने जमेल, मदत लागेल. तिसरी खूण कुठे पडली म्हणून घाबरू नका, फक्त ती लपवू नका.

लसींना वेळ लागतो, हे बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. हिपॅटायटिस बीचे तीन डोस नेहमीच्या वेळापत्रकाने पहिल्या दिवशी, एका महिन्याने आणि सहाव्या महिन्यात घेतात. शेवटच्या डोसानंतर एक ते दोन महिन्यांनी रक्तातल्या प्रतिपिंडांची तपासणी होते, आणि ती मिलिलिटरमागे १० मिली-एककं (mIU) किंवा जास्त आली की संरक्षण तयार झालं असं धरतात. म्हणजे सगळं मिळून सात-आठ महिने. पोस्टिंग (वॉर्डातली नेमणूक) तोंडावर आल्यावर धावपळ केली तर सुईची पहिली टोच लसीच्या आधी लागायची.

पाय, पाठ, दम

आधी साधी चाचणी करा. एखाद्या सुट्टीच्या दिवशी सलग चार तास बसायचंच नाही असं ठरवा. घरातली कामं करा, जिने चढा, जमिनीवरची वस्तू उचला, पुन्हा उभे राहा. चौथ्या तासाला कुठे दुखतं ते लिहून ठेवा. टाच दुखत असेल तर बुटाकडे बघा, कंबर दुखत असेल तर उभं राहण्याच्या पद्धतीकडे, आणि पोटऱ्या भरून येत असतील तर सराव कमी पडतोय.

तयारीला दहा-बारा आठवडे द्या. आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास भरभर चाला, इतकं की बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही. त्याखेरीज आठवड्यातून दोन दिवस ताकदीचे व्यायाम करा: खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं १० ते १५ वेळा, टाचा उचलून चवड्यांवर उभं राहणं, कोपरांवर अंग तोलून २० ते ३० सेकंद स्थिर राहणं. पाठीचा एक व्यायाम मात्र रोज हवा. पाठ सरळ ठेवून कंबरेच्या खुब्यातून वाकायचं आणि पार्श्वभाग मागे न्यायचा. वॉर्डात दिवसभर याच पद्धतीने वाकायचं असतं, आणि जवळजवळ सगळे नवशिके पाठीच्या मणक्यातून वाकतात.

बूट बंद, न घसरणारे आणि पुसता येणारे हवेत. ते संध्याकाळी घ्या, कारण तोवर पाय थोडे सुजलेले असतात. नवे बूट पहिल्याच ड्युटीला घालू नका.

पेशंट हलवणं

नर्सिंगमध्ये पाठ जाते ती इथे. 'ताकद असली की झालं' हा समज जितका जुना तितकाच महागात पडणारा आहे. पेशंट हाताळताना एका माणसाने किती वजन पेलावं, याची मर्यादा अमेरिकेतल्या 'नायॉश' या व्यावसायिक सुरक्षा संशोधन संस्थेच्या सूत्रावरून ३५ पौंड, म्हणजे सुमारे १६ किलो काढलेली आहे. तीही पेशंट शांत आहे, वजन अंगाजवळ आहे आणि जागा मोकळी आहे असं धरून. आता हे बघा: शंभर किलोच्या माणसाचा एकच पाय साधारण १६ किलो भरतो. म्हणजे ड्रेसिंगसाठी त्याचा पाय धरून ठेवला तेवढ्यातच मर्यादा संपली. अख्खं शरीर उचलायचा प्रश्नच येत नाही. शिकायचं ते सरकवणं, वळवणं आणि वेळेवर दुसऱ्याला हाक मारणं.

पाठीवर झोपलेल्या पेशंटला कुशीवर वळवणं हे रोज अनेकदा लागणारं काम. ते असं करा:

१. काय करणार ते पेशंटला सांगा. तो स्वतः किती हलू शकतो ते विचारा. जे तो करू शकतो ते त्याला करू द्या.

२. कॉटचा ब्रेक लावा. कॉट तुमच्या कंबरेच्या उंचीवर आणा. पलीकडची साइड रेल वर घ्या.

३. सलाइनची नळी, कॅथेटर (लघवीची नळी), ड्रेन (जखमेतला द्रव बाहेर काढणारी नळी), ऑक्सिजन कुठून कुठे गेलंय ते नजरेने तपासा. युरिन बॅग पेशंट ज्या बाजूला वळणार त्या बाजूला आणा, पण मूत्राशयाच्या पातळीच्या वर उचलू नका.

४. पेशंटला आधी पलीकडच्या कडेकडे सरकवा. त्यासाठी स्लाइड शीट (पेशंट सरकवायची गुळगुळीत चादर) आणि दुसरं माणूस घ्या. हे टाळलं तर वळल्यावर पेशंट कॉटच्या अगदी काठावर येतो.

५. ज्या बाजूला वळवायचं त्या बाजूला उभे राहा. पेशंटचा जवळचा हात अंगापासून थोडा दूर ठेवा, म्हणजे तो अंगाखाली दबणार नाही. लांबचा हात छातीवर, लांबचा पाय जवळच्या पायावर.

६. एक हात त्याच्या लांबच्या खांद्यामागे, दुसरा लांबच्या खुब्यामागे. तुमचा एक पाय पुढे, एक मागे, गुडघे थोडे वाकलेले.

७. 'एक, दोन, तीन' म्हणा आणि पुढच्या पायावरचा भार मागच्या पायावर घ्या. पेशंट त्या भाराने वळतो. दंडात जोर लागतोय असं वाटलं तर तुमचे पाय चुकलेत.

८. पाठीमागे उशी, दोन गुडघ्यांमध्ये उशी. खालचा खांदा जरा पुढे ओढून मोकळा करा. नळ्या पुन्हा तपासा आणि कॉट खाली घ्या.

चुका ठरलेल्या असतात. कॉट वर घ्यायचा कंटाळा केला की पाठ वाकते. पेशंटला दंडाला धरून ओढलं की खांद्याचा सांधा दुखावतो, आणि अर्धांगवायू झालेल्या बाजूचा खांदा तर सहज निखळू शकतो. पाय जमिनीला खिळवून नुसतं धड वळवलं की मणक्यावर पीळ बसतो. पेशंटला तुमच्या गळ्यात हात घालू देऊ नका. तो घसरला तर त्याचा सगळा भार तुमच्या मानेवर येईल. मणक्याला इजा असल्याची शंका असेल तर ही पद्धत वापरायचीच नाही. तिथे तीन-चार माणसांनी डोकं, धड आणि पाय एका रेषेत ठेवून वळवायचं असतं.

चालता चालता पेशंट कोसळला तर हात आपोआप त्याला तोलून धरायला जातात. तसं करू नका. मागे उभं राहून एक पाय पुढे घ्या, त्याला तुमच्या मांडीवरून घसरू द्या आणि डोकं सांभाळत जमिनीवर टेकवा. मग मदत बोलवा. घाईने उठवून उभं करू नका.

छाती दाबण्याची दोन मिनिटं

सीपीआर, म्हणजे हृदय थांबलेल्या माणसाची छाती दाबणं, ही अंगमेहनतीची सर्वांत प्रामाणिक परीक्षा आहे. प्रौढ माणसाची छाती ५ ते ६ सेंटीमीटर खोल दाबायची, मिनिटाला १०० ते १२० वेळा, आणि दर दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची. श्वास देत असाल तर ३० दाब, २ श्वास. दर दोन मिनिटांनी माणूस बदलायचा, कारण खोली त्याआधीच कमी होऊ लागते आणि दाबणाऱ्याला ते जाणवत नाही.

खोली दाखवणाऱ्या पुतळ्यावर सलग दोन मिनिटं करून बघा. शेवटच्या अर्ध्या मिनिटात आकडे घसरले तर कोपरं बघा: वाकलेली असतील तर दंड दमतात. कोपरं ताठ, खांदे हातांच्या बरोबर वर, आणि जोर कंबरेतून. वजनाने हलक्या व्यक्तीने कॉटजवळ पायाखाली स्टूल घ्यावं. गुडघ्यांच्या त्रासामुळे जमिनीवर बसून-उठून हे करता येत नसेल तर ते आधीच सांगून ठेवा. संघात दुसरं काम घेता येतं.

हात आणि बोटं

ग्लव्हज घालून बारीक कामं करायची सवय लागते. घरी ग्लव्हज घालून शर्टाची बटणं लावा, दोऱ्याची गाठ मारा, चिकटपट्टीचं टोक सोडवा. मग एका हाताने सिरिंजचा दट्ट्या मागे ओढून हवेचा बुडबुडा वर आणण्याचा सराव करा. हात थरथरत असेल तर मनगटाची कड टेबलावर टेकवा. निम्मी थरथर तिथेच थांबते.

बारीक नजर कुठे लागते, तर इन्शुलिनच्या सिरिंजवर. एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट असलेलं इन्शुलिन वेगळं, १०० युनिट असलेलं वेगळं, आणि दोघांच्या सिरिंजही वेगळ्या. १०० वालं इन्शुलिन ४० च्या सिरिंजमध्ये २० च्या रेषेपर्यंत भरलं तर आत जातं अर्धा मिलिलिटर, म्हणजे ५० युनिट. अडीचपट. पेशंटची साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाते. या सिरिंजच्या टोपणांचे रंग सहसा लाल आणि केशरी असतात, आणि लाल-हिरव्याचा रंगदोष असलेल्यांना नेमका हाच फरक कळत नाही. म्हणून सिरिंजवरचा आणि व्हायलवरचा (औषधाच्या बाटलीवरचा) आकडा वाचायचा, टोपणाच्या रंगावर कधीच विसंबायचं नाही. रंग नीट दिसणाऱ्यांनीही नाही.

हातांच्या कातडीचाही विचार करा. साबण-पाण्याने ४० ते ६० सेकंद किंवा अल्कोहोल रबने २० ते ३० सेकंद, असं एका ड्युटीत कितीतरी वेळा हात स्वच्छ करायचे. त्याने कातडी फाटते आणि फाटलेल्या कातडीत जंतू मुक्काम करतात. हात दिसायला मळलेले नसतील तर बहुतेक वेळा रबच वापरा, तो साबणापेक्षा कातडीला सोसतो. ड्युटी संपल्यावर बिनवासाचं क्रीम लावा. लॅटेक्सने खाज किंवा पुरळ येत असेल तर पहिल्याच दिवशी सांगा आणि नायट्राइलचे ग्लव्हज मागा.

डोळे, कान, स्पर्श

मंद उजेडात अँप्युलवरची (औषधाच्या छोट्या काचेच्या कुपीवरची) अक्षरं वाचता येतात का बघा. रात्री वॉर्डात उजेड तेवढाच असतो. चष्मा लागत असेल तर जादा जोडी जवळ ठेवा.

कानाची परीक्षा बीपी घेताना होते. कफ फुगवून पारा किंवा काटा सेकंदाला २ ते ३ मिलिमीटरने खाली सोडायचा. पहिला ठोका ऐकू आला तो वरचा आकडा, ठोके पूर्ण थांबले तो खालचा. ऐकू येत नाही म्हणून कानाला दोष देण्याआधी साधन बघा. कानातल्या गोळ्या पुढे, नाकाच्या दिशेने वळलेल्या आहेत का? छातीवर ठेवायचा भाग बरोबर बाजूने फिरवलाय का? नळी कपड्याला घासतेय का? कफ दंडाला छोटा पडला तर बीपी खोटंच जास्त येतं, आणि हात हृदयाच्या पातळीच्या खाली लोंबत असला तरीही. एवढं तपासूनही ऐकू येत नसेल तर कानाची तपासणी करून घ्या. आवाज मोठा करणारे स्टेथोस्कोप मिळतात, ते लावून काम करणारे लोक आहेत. ऐकू आलं नाही तेव्हा मनाने आकडा लिहून टाकणं मात्र माफ होत नाही. शिकाऊ मुलांकडून सर्वांत जास्त घडणारी लबाडी हीच.

नाडी बोटाच्या टोकांनी बघायची, अंगठ्याने नाही, कारण अंगठ्याला स्वतःची नाडी जाणवते. ठोके अनियमित असतील तर पूर्ण मिनिट मोजा. वासाचा त्रास बहुतेकांना दोन-तीन आठवड्यांत कमी होतो. तोवर चेहरा सांभाळा, पेशंट तुमचा चेहराच बघत असतो.

आकडे आणि लक्ष

गणित दहावीपर्यंतचंच लागतं, पण ते चुकून चालत नाही. दोन उदाहरणं हातात पक्की बसवा.

ऑर्डर ६० मिलिग्रॅमची, व्हायलमध्ये २ मिलिलिटरमध्ये ८० मिलिग्रॅम. हवं ते भागिले आहे ते, गुणिले द्रव: ६० भागिले ८०, गुणिले २, म्हणजे १.५ मिलिलिटर. सूत्र लावण्याआधी अंदाज बांधा: ८० पेक्षा कमी हवंय, म्हणजे उत्तर २ मिलिलिटरच्या आतच येणार. १५ आलं तर दशांशचिन्ह सरकलंय, आणि दशांशचिन्ह सरकलं की डोस दहापट होतो. म्हणून ०.५ लिहिताना आधीचं शून्य सोडू नका, आणि ५ लिहिताना पुढे '.०' जोडू नका.

दुसरं सलाइनचं. ५०० मिलिलिटर चार तासांत द्यायचं, सेट (सलाइनचे थेंब सोडणारी नळी) २० थेंबांना एक मिलिलिटरचा. ५०० गुणिले २० भागिले २४० मिनिटं, म्हणजे मिनिटाला सुमारे ४२ थेंब. तेच ६० थेंबांच्या मायक्रो सेटवर १२५ थेंब. आता सेट न बघता १२५ थेंब साध्या सेटवर सोडले, तर चार तासांचं सलाइन ८० मिनिटांत संपतं. हृदय किंवा किडनी कमजोर असलेल्या पेशंटला श्वास लागायला एवढं पुरतं. रोज पाच गणितं कॅल्क्युलेटरशिवाय सोडवा, मग कॅल्क्युलेटरने ताडून बघा.

लक्ष टिकवण्याचा सराव वेगळा करावा लागतो. कोणाला तरी सहा काल्पनिक पेशंटची माहिती वाचून दाखवायला सांगा: कॉट नंबर, वय, आजार, काय द्यायचंय, किती वाजता. ती एका कागदावर उतरवा आणि मध्येच फोन वाजवायला सांगा. काय सुटलं ते बघा. हँडओव्हरमध्ये, म्हणजे ड्युटी बदलताना पेशंटची माहिती पुढच्याला देताना, तेच सुटणार आहे. औषध काढताना कोणी टोकलं तर जिथे थांबलात तिथून पुढे जाऊ नका. पेशंट, औषध, डोस, मार्ग, वेळ हे सगळं पहिल्यापासून तपासा.

डॉक्टरांना फोन करायचा तर चार गोष्टी क्रमाने बोला: आत्ता काय घडतंय, पेशंट कशासाठी दाखल आहे, तुम्हाला काय वाटतंय, तुम्हाला काय हवंय. 'पेशंट बरा नाही वाटत' याने कोणी हलत नाही. 'कॉट सात, श्वास मिनिटाला ३०, ऑक्सिजन ८६, तासाभरापूर्वी ९५ होता, तुम्ही येऊन बघा' याने हलतात.

मनाची तयारी

रक्त बघून डोळ्यांपुढे अंधारी येणं हा घाबरटपणा नाही. त्यात रक्तदाब एकदम खाली जातो. रिकाम्या पोटी वॉर्डात जाऊ नका, पाणी प्या, गुडघे ताठ करून उभे राहू नका. अंधारीवर एक चांगला उपाय आहे. दंड, पोट आणि मांड्यांचे स्नायू १० ते १५ सेकंद घट्ट आवळा, चेहरा गरम वाटेपर्यंत, मग २० ते ३० सेकंद सैल सोडा. असं पाचदा. घरी दोन आठवडे सराव केला तर वॉर्डात ते आठवतं. तरीही गरगरलं तर लगेच भिंतीला टेकून खाली बसा. लाजेपोटी उभं राहून पडणारी मुलं स्वतःचं डोकं फोडून घेतात.

नातेवाईक ओरडतात, सिनियर सगळ्यांदेखत बोलतात, कालपर्यंत हसणारा पेशंट आज नसतो. यासाठी काही कठोर मन लागत नाही. आधी हातातलं काम पुरं करता यावं, आणि नंतर त्याबद्दल कोणाशी तरी बोलता यावं. पोस्टिंगच्या आधीच असं एक माणूस ठरवून ठेवा. पेशंटचं नाव किंवा ओळख मात्र वॉर्डाबाहेर न्यायची नाही. झोप न लागणं, ड्युटीच्या विचाराने मळमळणं, विनाकारण रडू येणं हे दोन आठवड्यांहून जास्त चाललं तर समुपदेशक किंवा डॉक्टर गाठा. जीव द्यायचे विचार येत असतील तर दोन आठवडेच काय, एक दिवसही थांबू नका. वॉर्डातल्या गोळ्या स्वतःवर वापरण्याचा मोह कोणालाही होऊ शकतो. शिक्षण आणि जीव, दोन्ही त्यात गेलेले आहेत.

चूक झाली की लगेच सांगता येणं हीसुद्धा क्षमताच आहे. सुई टोचली तर साबण-पाण्याने धुवा, जखम पिळू नका, त्याच क्षणी कळवा. एचआयव्हीचा संसर्ग टाळणारी औषधं जितक्या लवकर तितकी बरी, आणि ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात.

रात्र

सलग १७ तास जागं राहिलेल्या माणसाचं लक्ष आणि हातांची चपळाई रक्तात ०.०५ टक्के दारू असलेल्या माणसाइतकी घसरते, हे १९९७ च्या एका प्रयोगात दिसलं होतं. नाइट ड्युटीच्या आधी दिवसभर जागं राहिलात तर पहाटे तुम्ही याच अवस्थेत इंजेक्शन भरत असता. म्हणून ड्युटीआधी दुपारी दीड तास झोपा. चहा-कॉफी पहिल्या अर्ध्या रात्रीतच घ्या. पहाटे तीन ते पाच हे सर्वांत वाईट तास, तेव्हा प्रत्येक डोस दुसऱ्याकडून ताडून घ्या. सकाळी स्वतः गाडी चालवत घरी जाऊ नका.

आजार किंवा अपंगत्व असेल तर

मधुमेह, अपस्मार, एका कानाने कमी ऐकू येणं, जुनं कंबरेचं दुखणं, नैराश्यावरची औषधं, यातलं काहीही असलं की दार बंद, असं होत नाही. प्रश्न एवढाच असतो की काम कोणत्या पद्धतीने सुरक्षित होईल. अपस्मार असेल तर अपुऱ्या झोपेने झटका येऊ शकतो, म्हणून नाइट ड्युटीबद्दल आपल्या डॉक्टरांचं लेखी मत घ्या. इन्शुलिन घेत असाल तर जेवणाची वेळ पाळता येईल अशी सोय मागा आणि खिशात साखर ठेवा. गरोदर असाल तर लवकर कळवा, म्हणजे एक्स-रे आणि कॅन्सरच्या औषधांच्या जागी पोस्टिंग टाळता येतं.

मागणी करताना आजाराचा सगळा इतिहास सांगत बसायची गरज नसते. कोणतं काम अडतं, का अडतं, कशाने सुटेल, एवढं एका पानावर लिहा. सोबत डॉक्टरांचं पत्र जोडा. अर्जाची प्रत स्वतःकडे ठेवा, मिळालेलं उत्तर लेखी घ्या, आणि प्रत्येक नव्या वॉर्डात पोस्टिंगच्या पहिल्या दिवशी ते इन्चार्ज सिस्टरना दाखवा. ऑफिसातल्या फाइलमधला कागद वॉर्डापर्यंत आपोआप पोहोचत नाही.